माप द्यायला आलेल्या मुली

त्या शाळेत कुणाचा नंबर लागला हे म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात सगळ्यांच्या आधी आम्हाला कळायचं. शाळा हूटगळ्ळीच्याही पुढे, पिरियापट्टणच्या रस्त्यावर, शेतांच्या मधोमध एकटी उभी होती. परीक्षा घेऊन मुलं निवडायची आणि निवडलेल्यांना तिथंच वसतिगृहात ठेवून घ्यायची. तिचे गणवेश सासऱ्यांच्या काळापासून आमच्या दुकानात शिवले जात. टपालानं प्रवेशाचं पत्र आलं की आईबाप पोराला घेऊन थेट आमच्या पायरीशी येत, चपला काढत आणि हसत हसत म्हणत, "अळते तगोळ्ळी." माप घ्या. दरवर्षी मे महिन्याच्या उन्हात ते हसरे चेहरे यायचे आणि मलाही बरं वाटायचं. आपल्याला काही कमी-जास्त होणार नसलं की दुसऱ्याच्या आनंदात सामील होणं फार सोपं असतं.

त्या वर्षी मात्र आमच्याच लेकीनं ती परीक्षा दिली होती. पायरीशी चपला वाजल्या की मी हातातलं काम टाकून आधी बघायचे, कोण आलंय.

राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. शाळेनंही त्या वर्षी पहिल्यांदाच मुली घ्यायचं ठरवलं होतं, आठवीपासून, आणि त्याही अगदी थोड्या. आमच्या गल्लीतली शाळा सातवीला संपायची. तिथून पुढे वाटा तीनच. एक ही लांबची शाळा. दुसरी, घरापासून चालत जाता येईल अशी मुलींची शाळा. तिथल्या मोठ्या बाईंनी लेकीचे मार्क बघून तोंडी सांगितलं होतं की एक जागा धरून ठेवते, शाळा उघडायच्या आधी येऊन सांगा. आणि तिसरी वाट म्हणजे घरी बसणं. सरकारी हायस्कूल होतं, पण ते बाजारापलीकडे, मुलामुलींचं एकत्र, आणि सासूबाईंनी त्याच्यावर विचार करायच्या आधीच फुली मारली होती.

घरी बसणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सातवीत वर्गात पहिली आले होते आणि त्याच उन्हाळ्यात आईनं मला काज करायला बसवलं. आम्हा शिंप्यांच्या घरात मुलीला शिकवायचं नाही असं कुणी बोलून दाखवत नाही. फक्त समोर शर्टांचा ढीग ठेवतात. एक संपला की दुसरा. मी आईला एकदा विचारलं होतं, शाळा उघडली ना? ती म्हणाली, "उघडू दे की, तुझं काय जातंय?" पुढे लग्न होऊन इथं आले तर इथंही तोच ढीग, फक्त कॉलरची फॅशन बदललेली.

म्हणून आमच्या ह्यांना जवळची शाळा बरी वाटत होती आणि मला लांबची. ते म्हणायचे, "पोर रात्री घरी असेल, डोळ्यांपुढे." मी म्हणायचे, डोळ्यांपुढे असेल म्हणूनच नको. जवळच्या शाळेतून दुपारी घरी आली की सुई हातात मिळणार, हे मला दिसत होतं. घरात लगीनसराईचं काम आलं की आज शाळा बुडव, उद्या बुडव, आणि एक दिवस बुडवायला शाळाच उरणार नाही. लांब गेली की तिच्यापर्यंत आमची सुई पोचणार नव्हती. सासूबाई दोन्हीकडून नाही म्हणायच्या. वयात येणारी पोर परक्या जागी ठेवायची म्हणजे काय, आणि जवळ ठेवून तरी एवढं शिकवून नवरा कुठून आणायचा? त्यांना उत्तर देण्यात अर्थ नसायचा. त्या प्रश्न विचारून एकादशीच्या भजनाला निघून जायच्या.

एवढं सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे भीती होती पण ती ताटातल्या मिठाइतकी होती. ती वाढवली आमच्या धंद्यानं.

मुली नव्यानं घेणार म्हणजे मुलींचा गणवेशही नवा. आत पांढरा ब्लाउज आणि वरून निळा बिनबाह्यांचा चुण्यांचा ट्युनिक. शाळेनं कापड पाठवलं आणि सांगितलं, आधी एक सँपल शिवून दाखवा, पसंत पडलं तर बाकीचे. मुलग्यांच्या पँटी ह्यांनी झोपेतही कापल्या असत्या, पण चुण्यांचं तसं नसतं. चुणी टेबलावर सरळ दिसते आणि अंगावर गेली की तोंड उघडते. त्यामुळे सँपल कुणाच्या तरी अंगावर चढवून बघायचं होतं. आणि त्या मापाची, हाकेच्या अंतरावर असलेली पोर आमच्याच घरात होती.

आमच्यात एक रीत आहे. जे ठरलं नाही त्याचं कापड अंगाला लावायचं नाही. साखरपुड्याआधी नवऱ्या मुलाचं माप घेत नाहीत, बाळ जन्मायच्या आधी अंगडं शिवत नाहीत. गिऱ्हाइकाला आम्ही हे सांगत नाही, पण असं काम आलं की ह्यांच्या वडिलांना नेमकी कात्री सापडायची नाही. इतक्या पिढ्या पाळलेली ही रीत आमच्या ह्यांच्या डोक्यातून त्या दुपारी साफ गेली. त्यांना फक्त चुण्या दिसत होत्या. दुकानात उजेड कमी, म्हणून त्यांनी तो निळा गणवेश लेकीला घालायला लावला आणि तिला गल्लीत पाठवलं. स्वतः पायरीवर उभे राहिले आणि म्हणत राहिले, "चाल. फिर. स्वल्प जोरात चाल. आता परत ये."

मी मागच्या खोलीत होते. आवाज आला म्हणून पुढे आले तर लेक त्या गणवेशात, सगळ्या गल्लीच्या देखत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होती. मान ताठ. तिला तो शोभत होता, हे तर आणखी वाईट. सासूबाई माझ्या मागून आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अय्यो, ठरलं नाही त्याचं कापड अंगाला लावलास? तू शिंपी आहेस की कोण आहेस रे?"

"सँपल आहे ते आई. सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नको."

पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी चाळीस लोकांसमोर अपशकुन मानत नाही म्हणेन, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी लेकीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. चुलीत मोहऱ्या तडतडल्या, वास आला नाही. वास आला नाही म्हणजे दृष्ट लागलेली असते. की उलटं असतं, हे मला ऐन वेळी आठवेना, आणि सासूबाईंना विचारायची हिंमत झाली नाही.

अपशकुनाचं सोडा. खरं संकट दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आलं, हसत हसत. समोरचे बांगडीवाले आले आणि म्हणाले, "काय हो, पेढे कुठायत? पोरीचं झालं म्हणे!"

मी म्हटलं, "नाही हो, अजून पत्र नाही आलं. ते सँपल होतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेढे पदराखाली धरलेत. "आयतु, आयतु, बरं. नाही सांगायचं तर नका सांगू."

मग शेजारीण आली. मग देवळातल्या भजनाच्या बायका. प्रत्येकीला मी तेच सांगितलं आणि प्रत्येकीनं तेच ओळखलं: चांगली बातमी लपवायची, लोकांची नजर नको म्हणून, हे आमच्यात सगळेच करतात. दिवस गेलेली सून पाचव्या महिन्यापर्यंत 'पित्त झालंय' म्हणते. नोकरी लागलेला मुलगा 'बघू, चाललंय' म्हणतो. तेव्हा माझं नाही म्हणजे होच, आणि माझं जोरात नाही म्हणजे तर नक्कीच हो. मी चिडून एका बाईला म्हणाले, "अहो, देवाशपथ नाही!" तर ती घरी जाऊन सांगायला लागली की शपथ घेण्याइतकं जपतायत, मोठंच काहीतरी मिळालेलं दिसतंय.

मी हे सगळं नंतर हसून सांगायला शिकले. तेव्हा मात्र राग येत होता आणि रागाच्या खाली भीती होती. कारण झालं नाही तर आता नुसतं झालं नाही असं राहणार नव्हतं. पोर गणवेश घालून मिरवली आणि घरी बसली, असं होणार होतं.

आठवडाभरानं मी जवळच्या शाळेत गेले. लांबच्या शाळेचं काही कळत नाही तोवर हातातलं घट्ट धरावं, असं ह्यांनीच सुचवलं. मोठ्या बाई कानडी, कडक, पण बोलायला गोड. मला बघून त्यांनी खुर्ची दिली. मग हसून म्हणाल्या, "अभिनंदन. तुमच्या गल्लीतल्या आमच्या शिक्षिकेनं सांगितलं मला. तिनं स्वतः बघितलं मुलीला गणवेशात."

मी खुर्चीच्या कडेला सरकले.

"फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीसाठी ठेवलेली जागा मी दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. किती दिवस तिची आई खेटे घालत होती."

मी त्यांना सगळं सांगितलं. सँपल, चुण्या, दुकानातला अंधार. माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं म्हणाल्या, आणि वर्गात आता बाकावर इंचभर जागा नाही हेही म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती. चूक कुणाची होती हेही मला सांगता येईना. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी घरी येईपर्यंत मनात एकच वाक्य म्हणत होते: आता एकच वाट राहिली, आता एकच वाट राहिली.

घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही. लेक ऐकत होती. तिनं बटणांचा डबा जवळ ओढून घेतला. मला तो डबा उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटला.

मग मुली यायला लागल्या.

मुलग्यांची मापं हे घेत. पण मुलींची कशी घ्यायची? तेराव्या वर्षाच्या पोरीला परक्या पुरुषानं टेप लावायचा नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळे टेप माझ्या गळ्यात आला. ज्या मुलींना आमच्या लेकीच्या आधी जागा मिळाली होती, त्या प्रत्येकीच्या पाठीवर, छातीवर, कमरेवर मी टेप धरायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. एक वकिलाची मुलगी आली, पायात मोजे. एक मास्तरांची आली, तिनं माप देता देता पाढे म्हणून दाखवले. एकीची आजी म्हणाली, "तुमचा हात शुभ आहे म्हणतात, नीट घ्या हो माप." मी नीट घेतलं. दिवसभर दात आवळून हसत होते, त्यामुळे माझा जबडा रात्री दुखायचा.

त्यांचा मला राग येत होता, हे सांगायला हवं. त्या काय वाईट नव्हत्या. पण प्रत्येक मुलगी आली की थोड्या जागांमधली एक कमी झाली, हे मला अगदी टेपवर दिसायचं. पायरी चढून येणाऱ्या पोस्टमनची वाट बघायची सोय होती, तो आला नाही तर उद्या येईल म्हणता येत होतं. या मुली मात्र येऊन सांगत होत्या की पत्रं निघाली आहेत. दुसऱ्यांची निघाली आहेत.

"अहो, तुम्ही तयार गठ्ठा द्यायला जाताय ना शाळेत, तिथं विचारा की," मी म्हणाले.

"मी कपडे द्यायला जातो. मागायला नाही."

"मागू नका. विचारा नुसतं."

"शिंप्यानं विचारलं तर ते मागणंच असतं," ते म्हणाले. मी भांडले. सासूबाईही त्या वेळी माझ्या बाजूनं बोलल्या, हे एक नवल. पण आमचे हे एकदा गप्प झाले की देवळातल्या खांबाशी बोलल्यासारखं होतं.

ते गेले आणि उशिरा परत आले. जेवताना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या माणसानंच आपणहून सांगितलं होतं: निवडलेल्या मुलींच्या खालोखाल तुमचीच मुलगी आहे. एखादी आली नाही, तर तिच्या जागी पहिलं पत्र तुम्हाला.

"आणि सगळ्या आल्या तर?" मी विचारलं.

"सगळ्या आल्या तर नाही. एखादी नाही आली तर."

त्यांना ते आश्वासन वाटलं होतं. माझी झोप त्यानं उडाली. आधी मी फक्त घाबरले होते. आता मला कशाची तरी आशा धरायची होती, आणि ती आशा म्हणजे कुणाचं तरी वाईट होणं होतं. कुणाला ताप यावा. कुणाची बदली व्हावी. कुणाची आजी अडून बसावी. देवापुढे हात जोडले की हेच मनात यायचं, आणि मी हात मागे घ्यायचे. विठोबाकडे काय काय मागतात लोक, पण हे कसं मागायचं?

निवडलेल्यांपैकी शेवटची मुलगी मेच्या अखेरीला आली. पिरियापट्टणकडच्या एका खेड्यातली. बसचा प्रवास करून, धुळीनं केस लाल झालेली, काटकुळी, आणि डोळे एवढे मोठे की बघवत नव्हतं. बरोबर फक्त आई. बाप शेतात, तंबाखूची लागवड चालू होती. आई दुकानात आली, पण "माप घ्या" म्हणाली नाही. पायरीवर टेकली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. मी पाणी दिलं.

पाणी पिऊन ती कानडीत म्हणाली, "बाई, तुम्ही इतकी पोरं बघता. एक विचारू? खरं सांगाल?"

मी मान हलवली.

"हिला धाडू का नको? पत्र आलंय. मास्तर म्हणतात धाड. पण माझा जीव धजत नाही. कापड घेऊन टाकलं की मग मागे फिरता येत नाही, म्हणून माप द्यायच्या आधी विचारते. तिथं जेवण कसं आहे? पोरी रडतात का? गेल्या वर्षीचं एक पोरगं आजारी पडून परत आलं म्हणतात, खरं का?"

ते खरं होतं. त्या पोराचे गणवेश मीच काजं करून दिले होते. जेवणाबद्दलही आम्ही ऐकून होतो, रोज नाचणीचं मुद्दे, नुसता उकडलेला गोळा, आणि पाण्यासारखं सांबार. मुली पहिल्यांदाच राहणार, तिथं बाई माणूस कोण असेल हेही कुणाला माहीत नव्हतं. यातलं एकही वाक्य खोटं बोलायची मला गरज नव्हती. नुसतं खरं सांगून मी तिला दुपारच्या बसनं परत पाठवू शकले असते.

ह्यांनी मशीन थांबवलं होतं. मागे लेक बटणं लावत बसली होती, तिचाही हात थांबला. ही गेली नाही तर जागा कुणाला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या बाईला माहीत नव्हतं.

"परत नेलीत तर काय करेल ही?" मी विचारलं. मला वेळ हवा होता.

"काय करेल? घरी राहील. तंबाखूची पानं काठीला बांधायला हिच्यासारखा हात नाही कुणाचा. हिनं बांधलेलं पान भट्टीत गळत नाही." ती अभिमानानं म्हणाली. "शिकून तरी काय, शेवटी पानंच बांधायची ना?"

मला जे झालं त्याला चांगुलपणा म्हणू नका. मला राग आला. इतका आला की डोक्यात घण बसल्यासारखं झालं. ती बाई भली होती, पोरीवर तिचा जीव होता, आणि ती माझ्या आईचं वाक्य बोलत होती. मी काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. "जेवण वाईट आहे," मी म्हणाले. "पोरी रडतील. तुमचीही रडेल. तरी धाडा. पहिल्या महिन्यात न्यायला याल, तर रिकाम्या हातानं परत जा. पानं बांधायला माणसं मिळतात. हिचं हे वर्ष पुन्हा मिळायचं नाही. ऊठ ग, इकडे ये, सरळ उभी राहा." आणि मी त्या पोरीचा दंड धरून तिला उभी केली आणि टेप लावला. तिच्या बरगड्या टेपखाली धडधडत होत्या. आई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वाढत्या अंगाचं घ्या हो." मी ह्यांना खाली चांगली रुंद दुमड सोडायला सांगितली.

त्या गेल्या. ह्यांनी कापड टेबलावर पसरलं आणि खडू शोधला. माझा राग ओसरला आणि त्याच्या जागी परत भीती आली, या वेळी आधीपेक्षा मोठी, कारण आता तिच्यात आशेची भेसळ नव्हती.

लेकीनं मागून विचारलं, "आई, ती आली नसती तर ते पत्र मला आलं असतं ना?"

"हो."

"मग तू तिला जा का म्हणालीस?"

"तिची आई नको म्हणत होती म्हणून. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. रडत नव्हती. विचार करत होती. मग म्हणाली, "मग मला कोण म्हणणार?"

मी तशीच उठले. तोंडावर पाणी मारलं नाही, साडी बदलली नाही. तिला म्हटलं, चल. आम्ही जवळच्या शाळेत गेलो. मोठ्या बाई निघायच्या बेतात होत्या. या वेळी मी खुर्चीवर बसले नाही. काय सांगायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरले आणि अर्धं मराठी अर्धं कानडी असं काहीतरी बोलत सुटले. बाक नको म्हणाले. जमिनीवर बसेल म्हणाले. चटई मी देईन. कुणाची चूक होती ते जाऊ द्या, पण हिला घरी बसवू नका. बोलता बोलता माझा आवाज चढला, आणि मला भीती वाटली की आता या बाई आम्हाला बाहेर काढतात.

त्यांनी बाहेर काढलं नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी या. हमखास एखादी तरी मुलगी येत नाही. कुणाचं लग्न ठरतं, कुणाला घरचे पाठवत नाहीत. घंटा होईपर्यंत एखादी आली नाही, तर बघू."

त्या सकाळी आम्ही सगळ्यांच्या आधी फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो. लेकीच्या अंगावर जुना परकर-पोलका, हातात एक वही. मुली यायला लागल्या. एकट्या, दोघी-दोघी, आयांबरोबर, सायकलच्या दांडीवर बसून. मी प्रत्येकीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, तू येऊ नको. तू तरी येऊ नको. आणि त्या येत होत्या. काहींनी केसांत फुलं माळली होती. एकीची आई माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, मीही हसले, आणि मनात तिच्या पोरीलाही तेच म्हटलं. लेकीनं माझा हात धरला होता.

रस्ता रिकामा झाला. शिपायानं घंटा दिली. आत प्रार्थना सुरू झाली आणि संपली. कितीतरी वेळानं मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि हातानं खूण केली. आत पाठवा.

लेकीनं माझा हात सोडला आणि पळत गेली. मागे वळून बघितलं नाही. मला इतका आनंद झाला की फाटकाच्या गजाला धरावं लागलं. तशीच धरून मी रस्त्याकडे बघत उभी राहिले, एखादी मुलगी उशिरा धावत येते की काय म्हणून. कुणी आलं नाही.

शिपाई म्हणाला, आता जा बाई. मी त्याला विचारणार होते, कोण मुलगी आली नाही? कुणाची होती, कुठल्या गल्लीतली? तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं नाही, आणि पुढे इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. म्हैसुरात कुठंतरी त्या सकाळी एक पोर घरी बसली होती, आणि तिला जा म्हणायला कुणी नव्हतं.